बापाच्या लायनीवरचा नळ

आमच्या गल्लीत कुणी नळाला कान लावून बसलेला दिसला तर समजायचं, तो दत्तू फौजी. नवीन पाहुण्यांना वाटतं, म्हाताऱ्याला चक्कर आली आणि तो नळाला धरून बसलाय. एकदा माझे व्याही पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्याकडे धावले. फौजीनं डोळे न उघडता हात वर केला आणि म्हणाला, "गप ऱ्हावा पावणं. आत हालचाल हाय."

व्याही तांब्या धरून तसेच उभे. बऱ्याच वेळानं नळातून चहाचा भुरका मारल्यागत आवाज आला, मग थोडं गढूळ पाणी थुंकल्यासारखं पडलं, आणि मग धार लागली. फौजी उठला, गुडघे झटकले, व्याह्यांच्या हातातला तांब्या घेऊन घटाघटा प्याला आणि निघून गेला. व्याही अजून फोनवर विचारतात, "तुमचे ते नळाचे डॉक्टर बरे आहेत ना?"

डॉक्टर म्हटलेलं त्याला चालत नाही. "डॉक्टर औषध देतो. आमी तपास करतो," असं तो म्हणतो.

आमचं गाव इस्लामपूरच्या अलीकडं. उसाचा मुलूख. शेतात पाणी तुंबून माती खारी व्हायला लागली, पण अंगणातल्या नळाचं नखरं काही संपत नाहीत. सकाळी एकदा पाणी सुटतं. आता मोबाईलवर निरोप येतो, 'पाणी सोडले आहे', आणि त्याच्याखाली सगळं गाव अंगठे दाखवतं. प्रत्येक घरात एक नळ आत असतो, स्वयंपाकाला. आणि एक बाहेर, अंगणात किंवा गोठ्यापाशी, जनावरांना, धुण्याला, पाय धुवायला. लायनीत बाहेरचा नळ शेवटी येतो. आतल्यांचं भागलं की उरेल ते त्याला. त्यामुळं बंद पडतो तो बाहेरचाच.

फौजी बघतो तोही बाहेरचाच. आतल्या नळाला तो हात लावत नाही. "चुलीपाशी प्लंबर बोलवा. माजी ड्यूटी भायेरची," म्हणतो. फौजेत असताना वाळवंटात पाण्याच्या टँकरवर होता. तिथं थेंबाथेंबाचा हिशेब शिकला म्हणे. मी काही बघायला गेलो नव्हतो.

त्याच्या तपासाची एक रीत आहे. आल्याबरोबर नळाकडे बघतसुद्धा नाही. घरातल्या बायकांना समोर उभं करतो आणि म्हणतो, "रिपोर्ट द्या. शेवटची धार कुणी बगितली? त्या वक्ताला घरात भांडण चाललं हुतं का?"

पहिल्यांदा कुणालाही राग येईल असाच प्रश्न. पण त्याचं म्हणणं असं, की माणूस रागात असला की नळ बंद करताना पिळतो. शांत माणूस नळ मिटतो, रागावलेला पिळतो. पिळून पिळून आतला रबरी वायसर फाटतो, तोंडात अडकतो आणि पाणी थांबतं. वरच्या आळीत मंगलच्या घरी हा प्रश्न आला तेव्हा ती म्हणाली, "न्हाई बा, भांडण कुटलं आमच्यात." शेजारी तिची सासू बसली होती, ती नुसती पदर सारखा करत राहिली. फौजीनं तोटी खोलली, फाटका वायसर तळहातावर घेतला आणि दोघींपुढं धरला.

"सासूनं पिळला का सुनंनं?"

"म्या कशानं पिळू?" सासू म्हणाली. "माज्या हातात बळ कुटं ऱ्हायलंय."

"रागात येतंय," फौजी म्हणाला आणि चपलेच्या जुन्या तळव्यातून नवा वायसर कापायला लागला. असा हा माणूस नळ नीट करता करता घराघरातलं काय काय जमा करतो. बाहेर मात्र एक शब्द बोलत नाही. एवढं त्याचं कौतुक केलंच पाहिजे.

तोटीत काही सापडलं नाही तर मग पायातलं काढून तो पायपाच्या वाटेनं चालत जातो. जमीन तळव्याला गार लागली की पाणी इथवर आलंय, असं त्याचं गणित. भर उन्हात डोळे बारीक करून एकेक पाऊल टाकत जाणारा हा उंच, काटकुळा माणूस बघितला की रस्त्यानं जाणारी पोरंसुद्धा हळू चालायला लागतात.

मी स्वतः त्याला कधी बोलवलं नव्हतं. शाळा फारशी केली नसली तरी माझं घर मी माझ्या हातानं बांधलंय. माझा नळ मला कळतो. गोठ्याजवळचा नळ बंद पडला तेव्हा मी टिकाव घेतला आणि फाटकापासून गोठ्यापर्यंत चर खणायला घेतली. पाईप उघडा केला. चांगला धडधाकट होता. तसाच पुढं खणत राहिलो. बायको म्हणाली, "आवं, फौजी भावजींना बोलवा की." मी म्हटलं, "त्यो काय आभाळातनं पडलाय?" माझी पाठ वळल्यावर ती बोलवूनच आली.

दत्तू आला. चरीच्या काठावर उभा राहिला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर टाकली.

"तात्या, ऊस लावताय व्हय?"

मी टिकाव खाली ठेवला. तो गोठ्याच्या मागं गेला. तिथं भिंतीला पाण्याचा कॉक आहे, त्याच्या दांड्यावर पेंडीचं पोतं टेकलेलं होतं. पोत्याच्या वजनानं दांडा खाली बसला होता आणि कॉक बंद झाला होता. त्यानं पोतं बाजूला केलं, दांडा उचलला, आणि नळ वाहायला लागला. तो हसला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानं फक्त पोत्यावर हात थोपटला आणि चहा मागितला. ती चर अजून आहे. मी तिला सांडपाण्याची चर म्हणतो आणि ती मला लागणारच होती.

त्याचा मुलगा सांगलीला नोकरीला. माधवनगरात फ्लॅट घेतलाय. आईबापांना तिकडं घेऊन गेला होता. दत्तूनं तिथं कसे दिवस काढले ते त्याच्या बायकोकडून, हौसाकडून ऐकावं. इमारतीच्या खाली बागेत एक नळ होता, त्याला पाणी नव्हतं. मग काय. हा गडी खाली उभा राहून वर हाका मारायला लागला, "तिसरा मजला, बंद करा. दुसरा मजला, सोडा." मजल्यावरच्या बायकांना वाटलं नगरपालिकेचा माणूस आलाय. त्यांनी मुकाट्यानं नळ बंद केले, सोडले. शेवटी माळी आला आणि म्हणाला, "आजोबा, पोरं चिखल करत्यात म्हणून मीच बंद केलाय."

दत्तूनं लगेच आपली पिशवी उचलली. मुलगा म्हणाला, "बाबा, आता कळलंय तर उघडा की." तर म्हणाला, "बिघडलेला नळ येगळा आन् बंद केलेला येगळा. माणसानं बंद केलेला नळ मी उघडत न्हाई. ज्येनं बंद केला त्येनंच उघडायचा." आणि त्याच आठवड्यात दोघं गावाकडं परत आली.

आता एवढा सगळा तपास करणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या अंगणातला नळ कोरडा आहे म्हटलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. पण तसंच होतं. कित्येक वर्षं होतं.

दत्तू आणि त्याचा थोरला भाऊ श्रीपती, ज्याला आम्ही सगळे आण्णा म्हणतो, हे दोघं एका घरात वाढले. गावात नळ आले तेव्हा त्यांच्या बापानं एक कनेक्शन घेतलं. रस्त्यापासून काळा पाईप आणला आणि अंगणात त्याला दोन फांद्या काढल्या, एक ओट्यापाशी, एक गोठ्यापाशी. पुढं बाप गेला, वाटणी झाली. ओट्याकडचा भाग आण्णाला आला, गोठ्याकडचा दत्तूला. वाटणीत बांधावरच्या एका आंब्यावरून दोघांची तोंडं वाकडी झाली आणि दत्तूनं अंगणाच्या मधोमध भिंत घातली. गवंड्याच्या उरावर उभा राहून घातली. पाया असा खोल आणि त्यात असले मोठाले काळे दगड, की गवंडी म्हणाला, "फौजी, वर किल्ला बांधायचाय का?"

भिंत झाली आणि दत्तूच्या अंगणातल्या नळाचं पाणी थांबलं. दोन्ही फांद्यांचे कॉक आण्णाच्या अंगणात, एका फरशीखाली. दत्तू समजून गेला. आण्णानं बंद केला. जाब विचारायलाही गेला नाही. रस्त्यावरून स्वतःचं नवं कनेक्शन घेतलं, स्वयंपाकघरात नळ बसवला, आणि तेव्हापासून भाऊ भावाशी बोलला नाही.

आम्ही त्याला म्हणायचो, अरे, त्या नव्या कनेक्शनचाच एक पाईप काढ अंगणात. वावभर तर लागेल. तो म्हणायचा, "त्यो नळ बापाच्या लायनीवरला हाय. त्येला दुसरं पाणी लावायचं न्हाई." आणि रोज सकाळी पाणी सुटलं की हा अंगणात यायचा, तोटी उघडायचा, जरा उभा राहायचा, तोटी मिटायचा. पिळायचा नाही हां. मिटायचा. हौसा आतून बादली भरून म्हशीला पाणी न्यायची आणि त्याच्या शेजारून जाताना म्हणायची, "गावभर धारा काढत फिरत्यात आन् बायकूच्या डोईवर बादली." तो ऐकून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोटी उघडून उभा.

गेल्या उन्हाळ्यात पंचायतीनं रस्ता खणला. त्यानंतर आण्णाच्या अंगणातला नळ बंद पडला. आण्णाचं कंबरेपासून खाली चालत नाही आता, अंगणातच खाट टाकून असतो. मुलगा लोणंदला कारखान्यात. घरात नवरा-बायको दोघंच. अनुसावैनी माझ्याकडं आली.

"तात्या, लय दिस झालं, भायेरच्या नळाला थेंब न्हाई. ह्येंना न्हाणीपतुर चालवत न्हाई, अंगणातच खाटंजवळ आंगूळ घालती मी. आतनं पाणी वडून वडून खांदं गेलं माजं. भावजींना सांगता का?"

"भिंतीवरनं हाक मारा की."

"मारली आसती वो. पर ह्येंच्या देखत कशी मारू?"

भिंत जिथं रस्त्याला येऊन संपते तिथं उभं राहिलं की दोन्ही अंगणं दिसतात. मी तिथं जाऊन उभा राहिलो. डाव्या हाताला दत्तू वायसर कापत बसला होता. उजव्या हाताला आण्णा खाटेवर.

"दत्तू, वैनीचा नळ बंद पडलाय."

"वैनीचा का आण्णाचा?"

"दोघांत एकच नळ हाय रं."

"मग आण्णानं बोलवू दे. दुसऱ्याच्या हद्दीत मी हुकमाबिगर जात न्हाई."

मी उजवीकडं वळलो. "आण्णा, दत्तू म्हणतोय..."

"भैरा न्हाई मी. आयकलं," आण्णा म्हणाला. "त्येला म्हणावं, नळ बंद पडलाय, मी न्हाई. नळाला बगाय यायचं तर यावं."

मी डावीकडं वळलो. दत्तू म्हणाला, "मीबी आयकलं. इचारा त्येला, येऊ का नको. एका शब्दात सांग म्हणावं."

माझी मान दुखायला लागली होती. मी म्हटलं, "गड्यांनो, मी घरी जातो. माजं काय आडलंय?"

वैनी ओट्यावर उभी होती, हौसा दारात. मग आण्णा आभाळाकडं बघत म्हणाला, "तात्या, त्येला म्हणावं, ये."

मी तोंड उघडायच्या आत दत्तू पिशवी घेऊन उठला होता.

भिंत घातल्यापासून पहिल्यांदा तो त्या अंगणात गेला. आण्णाकडं बघितलं नाही. भांडण झालं होतं का, असंही विचारलं नाही. सरळ नळापाशी बसला. खालच्या वळणात रस्त्याची खडी अडकली असणार, असं म्हणाला, तेही नळालाच. ते वळण खोलायचं तर आधी कॉक बंद करायला पाहिजे. कॉक फरशीखाली. वैनीनं न सांगता फरशीकडं बोट केलं. त्याला दाखवायची गरज नव्हती. बापानं ती फरशी बसवली तेव्हा दुसरी बाजू यानंच धरली होती.

फरशी उचलली. खाली दोन पितळी कॉक. त्यानं आण्णाचा बंद केला. मग त्याचा हात दुसऱ्यावर गेला आणि तिथंच राहिला. मी पुढं होऊन बघितलं. त्या कॉकचा दांडा पायपाच्या रांगेत, सरळ. म्हणजे उघडा. वर हिरवा थर चढलेला. दत्तूनं फिरवून बघितला, फिरेना. पान्हा लावला, तरी फिरेना. तो कॉक कुणी आजवर हलवलाच नव्हता.

दत्तूनं पान्हा खाली ठेवला. मग मान न वळवता म्हणाला, "ह्यो बंद केला न्हवतास तू?"

आता हा प्रश्न माझ्यामार्फत यायला पाहिजे होता. पण मी गप्प बसलो.

"मी कशाला बंद करीन?" आण्णा म्हणाला. "हौसा पाणी भरायची न्हवं तितं. बाबानं लावल्यापास्नं त्येला हात लागला न्हाई कुणाचा."

"मग माज्याकडं पाणी का न्हाई?"

"त्ये मला काय ठावं? तपास तू करतोस. आमाला वाटलं, तूच तिकडनं बुच मारलंस. नवं कनेक्शन घेतलंस. म्हटलं, आमच्या लायनीचं पाणी नको आसंल गड्याला."

वैनीनं डोळ्याला पदर लावला. मला हसू यायला लागलं होतं, ते मी खोकल्यावर नेलं. दत्तूनं खडी काढली, वळण बसवलं, नळ चालू करून दिला, आणि चहासुद्धा न घेता गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खणण्याचा आवाज आला. दत्तू आपल्या बाजूनं भिंतीच्या पायाशी खणत होता. मी जाऊन उभा राहिलो. चरीबद्दल काहीतरी बोलावं असं फार मनात आलं, पण त्याचं तोंड बघून बोललो नाही. खाली पाया लागला. पायातला सगळ्यात मोठा काळा दगड बापाच्या पायपावर बसला होता आणि त्याच्याखाली पाईप भाकरीसारखा चपटा झाला होता. फुटला नव्हता. नुसता दबला होता. त्या दगडाकडं दत्तू कसा बघत होता ते मला नीट सांगता यायचं नाही. गवंड्यानं तो दगड नको म्हटलं होतं. ह्यानंच हट्टानं बसवून घेतला होता.

त्यानं पहार घालून भिंतीच्या बुडाला एक भगदाड पाडलं. पलीकडं खाटेवरून आण्णाला ते दिसत होतं.

"डावीकडं घे जरा," आण्णा म्हणाला. "मुळी हाय तितं."

दत्तू फौजीला सल्ला दिलेला चालत नाही. मुलगा इंजिनीअर, त्याचाही ऐकत नाही. माझा तर नाहीच. पण त्यानं पहार डावीकडं घेतली. दगड निघाला, आणि पायपाचा चपटा तुकडा कापून त्यानं तिथं नवा जोडला.

पाणी सुटलं तेव्हा त्या नळानं आधी खूप वेळ नुसती हवा सोडली. मग तांबडं पाणी आलं. मग चहाच्या रंगाचं. मग स्वच्छ. हौसा बादली घेऊन दारात उभी होती. तिनं बादली खाली ठेवली आणि म्हणाली, "आता टोमणं मारायला दुसरं काय तरी हुडकाय पायजे." दत्तू हसला नाही. धारेखाली दोन्ही हात धरून तो उभा होता, आणि पाणी त्याच्या कोपरांवरून सदऱ्यात जात होतं.

ते भगदाड त्यानं बुजवलं नाही. पाईप पुन्हा दबेल म्हणतो. कोंबड्या इकडून तिकडं जातात त्यातून. आंब्याचं काही मिटलेलं नाही. ते काढलं की दोघंही तोंड फिरवतात. भिंतही आहे तिथंच आहे.

पण रोज सकाळी मी चहा घेत ओट्यावर बसलो की ऐकू येतं. दत्तू तोटी उघडतो आणि भिंतीकडं तोंड करून विचारतो, "आण्णा, आलं का?"

"आलं. तुज्याकडं?"

"आलं."

एकाच पायपाचं पाणी. एकाकडं आलं की दुसऱ्याकडं येणारच, हे लहान पोराला कळतं. मी एकदा दत्तूला तसं म्हणालोही. तो म्हणाला, "तात्या, खात्री करून घेतल्याली बरी."

परवा लाईट नव्हती, म्हणून गावाला पाणीच सुटलं नाही. मोबाईलवर तसा निरोपही आला. मी बायकोला तो वाचून दाखवत होतो, तेवढ्यात तिकडून आवाज आला.

"आण्णा, आलं का?"

"न्हाई. तुज्याकडं?"

"न्हाई."

मग थोडं थांबून, "आता बग बरं."

"न्हाई अजून."

बराच वेळ चाललं होतं त्यांचं. माझा चहा गार झाला. बायको म्हणाली, "जाऊन सांगा की त्यास्नी, पाणी न्हाई आज." मी म्हटलं, असू दे.